आकाशातला गज आणि आपली तिजारत

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला गजाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. गज खरा असला की गिऱ्हाईक टिकते, पेढीचे नाव राहते. पण ज्या कापसापासून आपले कापड तयार होते, त्या कापसाच्या शेताचे माप घेणारा गज आता जमिनीवर राहिलेला नाही. तो सुमारे पाचशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून फिरतो आहे. हे काम कोणत्याही एका देशाचे नाही. एकाचा उपग्रह, दुसऱ्याचे रॉकेट, तिसऱ्याचे भांडवल आणि चौथ्याचे गिऱ्हाईक, असा हा भागीदारीचा धंदा आहे. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) व्यापाऱ्याने त्याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

आपल्या जिल्ह्याला जमिनीच्या मोजमापाचा जुना वारसा आहे. निजामशाहीचा कारभार सांभाळणारा मलिक अंबर (मृत्यू १६२६) जन्माने इथिओपियाचा. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची व्यवस्था त्याने बसवली. आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाने दख्खनच्या शेताचा हिशेब नीट लावून दिला. तेव्हा दूरदेशीचे हुन्नर आपल्या मातीत रुजणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही.

भागीदारी कशी वाढली

२८ डिसेंबर १९९५ रोजी भारताचा 'आयआरएस-१सी' हा उपग्रह कझाकस्तानातील बैकानूर येथून रशियन रॉकेटवर गेला. त्याची ५.८ मीटर बारकाईची चित्रे त्या काळी नागरी उपयोगासाठी मिळणाऱ्या सर्वोत्तम चित्रांपैकी होती. आपल्या अवकाश खात्याच्या 'अँट्रिक्स' कंपनीने अमेरिकेच्या 'इओसॅट' कंपनीशी करार करून ती जगाच्या बाजारात विकली. म्हणजे माल आपला आणि दुकान अमेरिकेचे!

पुढे उलटी गंगाही वाहिली. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून 'पीएसएलव्ही-सी३७' या एका रॉकेटने १०४ उपग्रह नेले. त्यांतील १०१ परदेशी होते आणि त्यांपैकी ८८ एकट्या 'प्लॅनेट' या अमेरिकन कंपनीचे, शेतांची चित्रे काढणारे होते. त्याच गाडीत संयुक्त अरब अमिरातीचा 'नायिफ-१' आणि कझाकस्तानचा 'अल-फाराबी-१' हेही प्रवासी होते. ज्या तत्त्वज्ञाचे नाव आपण मदरशांत आणि उर्दू शाळांत ऐकले, त्याच्या नावाचा उपग्रह भारताच्या रॉकेटने आकाशात गेला.

खासगी कंपन्यांचे युग तर आता सुरू झाले आहे. अवैस अहमद आणि क्षितिज खंडेलवाल या दोन तरुणांनी २०१९ मध्ये 'पिक्सेल' ही कंपनी काढली. २०२२ मध्ये तिचा एक उपग्रह अमेरिकन रॉकेटने आणि दुसरा भारतीय रॉकेटने गेला. २०२३ मध्ये गुगलने तीत पैसा गुंतवला. जानेवारी २०२५ मध्ये तिचे तीन उपग्रह कॅलिफोर्नियातून सुटले. शेकडो रंगछटा वेगळ्या ओळखून पिकाची प्रकृती सांगणे, हे त्यांचे काम. कर्नाटकातल्या लहान गावात वाढलेला अवैस अहमद आज अमेरिकन भांडवलदारांशी बरोबरीने व्यवहार करतो, याची नोंद आपल्या तरुणांनी घ्यावी.

एक ठिपका, एक गुंठा

हिशेब सोपा आहे. युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांच्या चित्रातील एक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा आणि एकरात चाळीस ठिपके. सुमारे पाच दिवसांनी नवे चित्र येते आणि ते कोणालाही फुकट मिळते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. या दोहोंच्या प्रमाणावरून पीक जोमात आहे की सुकते आहे, ते कळते.

पावसाळ्यात ढग आडवे येतात. खरिपात ही मोठीच अडचण. त्यावर उपाय रडारचा. ते ढगांतून पाहते. भारत व अमेरिका यांनी मिळून बनवलेला 'निसार' हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या दोन रडारांपैकी एक अमेरिकेचे, एक आपले.

भाव कोणाला आधी कळतो?

आता खरा प्रश्न. शेवगाव, पाथर्डी, नेवासा या तालुक्यांत कापूस पिकतो. तो जिनिंगला जातो, त्याचे सूत होते, कापड होते आणि शेवटी आपल्या कापड बाजारात येते. कापसाचा भाव हलला की काही महिन्यांनी कापडाचा हलतो. जुना व्यापारी खेड्यात फिरून, बोंडे पाहून अंदाज बांधत असे. आज परदेशातील मोठा सौदागर आपल्या खोलीत बसून विदर्भ, मराठवाडा, गुजरात एकाच वेळी पाहतो. आपण ज्या दिवशी मालाची ऑर्डर देतो, त्याच्या कितीतरी आधी त्याने सौदा केलेला असतो. नुकसान कोणाचे? ज्याला उशिरा कळले त्याचे.

आपल्या दीनमध्ये या गोष्टीवर स्पष्ट मार्गदर्शन आहे. गावाबाहेर जाऊन, बाजारभाव माहीत नसलेल्या काफिल्यांचा माल वाटेतच खरेदी करण्यास पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. कारण विकणारा अंधारात असतो. आज काफिले नाहीत, पण शेतकरी अंधारात आणि खरेदीदार उजेडात, ही स्थिती तशीच आहे. म्हणून ही माहिती मूठभर लोकांच्या हाती न राहता बाजारात सर्वांसमोर यावी, हे व्यापाराच्या आणि इमानाच्या दोन्ही दृष्टींनी गरजेचे आहे.

पीक विम्यातही तेच. २०२३ मध्ये केंद्र सरकारने उपग्रहाच्या मदतीने उत्पन्नाचा अंदाज काढण्याची 'येस-टेक' पद्धत आणली. जेथे असा अंदाज भरपाई ठरवतो, तेथे तो कसा काढला हे शेतकऱ्याला विचारता आले पाहिजे.

आपला वाटा कोणता?

उपग्रहाला सर्व काही दिसते, असे मात्र नाही. बोंडाच्या आत शिरलेली गुलाबी अळी त्याला दिसत नाही. कापसात तुरीच्या ओळी असल्या की त्याची गफलत होते. म्हणून प्रत्येक कंपनीला जमिनीवरची पडताळणी लागते. हे शेत कापसाचेच, पेरणी अमुक तारखेची, उतारा इतका, असे सांगणारा माणूस लागतो. हा माल परदेशातून येत नाही, तो आपल्याकडेच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवर पिकाची नोंद व फोटो देतो. ती वेळेवर आणि खरी झाली, तर आपला शब्द आकाशातल्या चित्राइतकाच वजनदार ठरेल.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांच्या कामावरील बहुतेक परवाने काढून टाकले. आता लहान संस्थेलाही हे काम करता येते. 'क्यूजीआयएस' हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट आहे. आपली पदवीधर मुले-मुली नोकरीची वाट पाहत घरी बसतात. त्यांनी सहा महिने हे हुन्नर शिकावे. पाच-दहा व्यापाऱ्यांनी मिळून अशा एका मुलाला पगार द्यावा, दर पंधरवड्याला कापसाच्या स्थितीचा तक्ता काढून घ्यावा आणि तो बाजार समितीच्या फलकावर सर्वांसाठी लावावा. खर्च वाटला तर भार कोणालाच होणार नाही.

अमेरिका, युरोप, अरबस्तान एकत्र येऊन आपल्या शेताचे माप घेत आहेत. ते माप वाचता येणे एवढे तरी आपल्या हाती आहे. गज दुसऱ्याचा असला तरी मोजताना डोळे आपले उघडे हवेत.