पावसाळी हिवाळ्यातील तंजावर

दिवाळी आटोपली की आपण छत्री माळ्यावर टाकतो. तंजावरला निघालेल्या मराठी प्रवाशाची पहिली फसगत येथेच होते. नैर्ऋत्य मोसमी वारे आपला बहुतेक भार सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर रिता करतात. पलीकडील तमिळ किनाऱ्याच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. तेथला खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि तो येतो ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून. कधी वादळाचे रूप घेऊनही येतो. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘गज’ चक्रीवादळाने कावेरीच्या मुखाकडील नारळीच्या बागा अक्षरशः झोपवल्या. म्हणून जाणते प्रवासी जानेवारीची वाट पाहतात. तेव्हा पोंगल असतो, आणि पौष वद्य पंचमीस जवळच्या तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेसाठी गायकांची मांदियाळी जमते.

मी मात्र म्हणेन, कार्तिकाच्या अखेरीस जावे. अय्यप्पाचे व्रत घेतलेले काळ्या वस्त्रांतील यात्रेकरू तेवढे भेटतील. एरवी गर्दी कमी. भोवतालची भातशेते हिरवी असतात, आणि ज्या पावसाला आपण कंटाळतो त्याच्याकडे तेथला शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. पण माझ्या आग्रहाचे खरे कारण निराळेच आहे. बृहदीश्वराच्या आवारात अनवाणी हिंडावे लागते. उन्हाळ्यात तेथली फरसबंदी अशी तापते की माणूस सावलीकडून सावलीकडे धावतो. सुमारे दोनशे फुटांचे विमान धावतपळतही पाहता येते. शिलालेख वाचता येत नाही.

राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या या मंदिराच्या प्राकारावर, नैर्ऋत्य बाजूस, देवनागरी लिपीत चक्क मराठी मजकूर कोरलेला आहे. हा भोसले घराण्याचा इतिहास. दुसरे सरफोजीराजे यांच्या आज्ञेने बाबुराव नावाच्या चिटणिसाने तो रचला आणि १८०३ च्या डिसेंबरात तो कोरला गेला. आता त्या वेळची परिस्थिती ध्यानात घ्या. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरास राज्य स्थापिले, त्यास सव्वाशे वर्षे होऊन गेली होती. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तो किल्ला आणि त्याचा परिसर. पुढे १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि तेही गेले. राज्य हातचे सुटल्यावर चारच वर्षांनी या राजाने आपली वंशकथा, भोवती तमिळ बोलणारा मुलूख असताना, मायबोलीत दगडावर लिहवून ठेवली. कोणासाठी? मला वाटते, कधीतरी येणाऱ्या मराठी वाचकासाठी. तो वाचक येतो; पण नंदीपाशी छायाचित्र काढून अर्ध्या तासात परततो.

सरकारी टिपणे वाचण्यात वीस वर्षे घालविलेल्या मला बाबुराव परका वाटला नाही. वरिष्ठांची आज्ञा, नावांचा क्रम, कोणाचेही पद चुकू नये ही धास्ती, सारे ओळखीचे! संध्याकाळी सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे नमुने पाहिले. मराठी राजांच्या दप्तराची कितीतरी मोडी कागदपत्रे तेथे जपलेली आहेत, आणि मोडी वाचणारे डोळे मात्र दरसाल कमी होत आहेत.

सरींच्या उघडिपीत दोन सकाळी मी भिंतीसमोर उभा होतो. वाचन शहाजीराजांपर्यंत आले, तोच आभाळ पुन्हा भरून आले आणि मी ओवरीकडे धावलो.