प्रदूषण-प्रतिबंधाचें प्रादेशिक माहितीकेंद्र

कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या घाण पाण्याचा आणि विषारी वाफांचा बंदोबस्त दोन प्रकारांनीं करतां येतो. घाण निर्माण झाल्यावर ती गाळून, निववून किंवा जाळून निरुपद्रवी करणें हा एक प्रकार. मुळांत घाणच कमी निर्माण होईल अशा रीतीनें कारखान्याचें काम चालविणें हा दुसरा. वैद्यकांत औषध आणि पथ्य यांचा जो संबंध, तोच येथें उपचार आणि प्रतिबंध यांचा आहे. उपचारासाठीं यंत्रें, जागा व पैसा हीं सर्व लागतात. प्रतिबंधासाठीं पुष्कळ वेळां केवळ माहिती पुरते. ही माहिती गरजवंताच्या दारापर्यंत नेणारी संस्था कशी उभी राहते, आणि ती उभी करतांना कोणत्या गोष्टी संभाळाव्या लागतात, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका उदाहरणावरून चांगलें समजून येतें.

प्रथम, ही माहिती म्हणजे कोणती, तें पाहूं. लोखंडी अगर पितळी वस्तूंवर निकेल किंवा क्रोमियम यांचा मुलामा चढविणारे छोटे कारखाने बहुतेक सर्व देशांत आहेत. वस्तु धातूच्या क्षारांच्या द्रावणांत बुडवून काढतात व नंतर पाण्यांत धुतात. वस्तूला चिकटून द्रावणाचे थेंब धुण्याच्या टाकींत उतरतात, आणि तें पाणी पुढें गटारांत जातें. समजा, असें एक लिटर द्रावण वस्तूंबरोबर वाहून आलें, आणि वस्तूवर अखेर राहणारा द्रावणाचा अंश मूळच्या हजाराव्या हिश्शावर आणावयाचा आहे. एकाच टाकींत धुतल्यास त्यासाठीं सुमारें १००० लिटर पाणी लागतें. तेंच धुणें दोन टाक्यांत केलें, आणि ताजें पाणी फक्त दुसऱ्या टाकींत सोडून तें उलट पहिल्या टाकींत वाहूं दिलें, तर सुमारें ३२ लिटर पुरतें. तीन टाक्या ठेवल्यास सुमारें १० लिटरांत काम भागतें. भांडीं विसळतांना शेवटच्या बादलींतलें जवळजवळ नितळ पाणी पुढच्या खेपेस पहिल्या बादलींत घेणारी गृहिणी हाच हिशेब न मांडतां करीत असते.

याच्याच जोडीला दुसरी एक युक्ति आहे. वस्तु द्रावणांतून झटकन् न उचलतां सावकाश उचलावी आणि ती क्षणभर हौदावरच निथळूं द्यावी. तेवढ्यानें गटारांत जाणारी धातु हौदांतच राहते. धुण्याचें पाणी थोडें असलें म्हणजे त्यांत उतरलेले क्षार हौदांत परत घालणेंही शक्य होतें. या युक्त्यांत गुप्त असें कांहींच नाहीं. रसायनशास्त्राच्या अभियंत्याला त्या पाठ असतात. परंतु ज्या कारागिराला नळ पूर्ण उघडा ठेवून वस्तु धुण्याचीच संवय लागलेली आहे, त्याला त्या कोणीं सांगावयाच्या, हा खरा प्रश्न आहे.

मोठ्या कारखानदारांच्या ध्यानांत ही गोष्ट लौकर आली. मिनेसोटा संस्थानांतील थ्री एम कंपनीनें १९७५ सालीं, प्रदूषणाचा प्रतिबंध किफायतशीर ठरतो या अर्थाच्या नांवाची एक योजना आपल्या कारखान्यांत सुरू केली. जो माल धुराड्यांतून किंवा गटारांतून जातो, तो पैसे देऊन विकत घेतलेलाच माल असतो, हें त्या योजनेमागील साधें तत्त्व होतें. सरकारी कायद्यांचा भर मात्र त्या काळीं उपचारावर होता. हवेचा कायदा निराळा, पाण्याचा निराळा, जमिनीवरील कचऱ्याचा निराळा. त्यामुळें पाण्यांतून काढलेलें विष गाळाच्या रूपानें जमिनींत जाई, आणि कायद्याची पूर्तता होऊनही विष होतें तेवढेंच राही.

या विचाराला जी कलाटणी मिळाली तिच्याशीं भारताचा दुःखद संबंध आहे. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायूनें हजारों माणसांचा बळी घेतला. कारखान्याच्या भिंतीआड काय सांठविलें आहे, हें शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतें. या दुर्घटनेनंतर १९८६ सालीं अमेरिकेंत असा कायदा झाला कीं, ठराविक कारखान्यांनीं आपण कोणतीं विषारी द्रव्यें किती प्रमाणांत बाहेर सोडतों, याचे आंकडे दरवर्षीं जाहीर करावे. आंकडे प्रसिद्ध होतांच शेजाऱ्यांचे डोळे उघडले, आणि कित्येक ठिकाणीं मालकांचेही. पुढें १९९० सालीं प्रदूषण-प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला. प्रदूषण शक्य तेथें उगमाशींच रोखावें. तें न साधल्यास माल पुन्हां वापरावा. तेंही न साधल्यास त्यावर उपचार करावा. आणि कोठें तरी टाकून देणें हा अगदीं शेवटचा उपाय समजावा, असा क्रम त्यानें घालून दिला. प्रतिबंधाची माहिती एकत्र करून ती सर्वांस उपलब्ध करून देण्याची जबाबदारीही त्याच कायद्यानें सरकारवर टाकली.

तरीही लहान धंदेवाल्यांचा प्रश्न उरलाच. दहा माणसांचा छापखाना, मोटारींना रंग देणारें दुकान, कपडे कोरडे धुणारी लाँड्री, यांच्या पदरीं अभियंता नसतो. राजधानींत तयार झालेला जाडजूड अहवाल त्यांच्यापर्यंत पोहोंचत नाहीं, आणि पोहोंचला तरी वाचावयास सवड नसते. ही उणीव अनेक संस्थानांतील विद्यापीठांनीं भरून काढण्यास आरंभ केला. आयोवा संस्थानांतील नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाच्या केंद्रानें लहान धंद्यांना विनामूल्य व गुप्तता राखून सल्ला देण्याचें काम हातीं घेतलें. रंगाच्या फवाऱ्यांतील बराच रंग वस्तूवर न बसतां हवेंत उडून जातो. पिचकारी किती अंतरावर व कोणत्या कोनांत धरावी, याचें शिक्षण या केंद्रानें रंगाऱ्यांना दिलें, आणि योग्य अंतर आलें म्हणजे दोन प्रकाशकिरणांचे ठिपके एकत्र जुळतात असें एक छोटेखानी उपकरणही तयार केलें. कॅन्सस व नेब्रास्का येथील विद्यापीठांनींही आपापल्या संस्थानांत असेंच काम चालविलें. परंतु एका संस्थानांत सांपडलेलें उत्तर नदीपलीकडच्या संस्थानांत नव्यानें शोधण्याचे श्रम पडावेत, ही गोष्ट कोणालाच परवडण्यासारखी नव्हती.

यांतूनच प्रादेशिक माहितीकेंद्रांची कल्पना मूर्त झाली. देशाचे विभाग पाडून अशा आठ केंद्रांचें एक जाळें १९९० ते २००० या दशकाच्या उत्तरार्धांत विणलें गेलें. आयोवा, कॅन्सस, मिसूरी आणि नेब्रास्का या चार संस्थानांसाठीं जें केंद्र निघालें, तें ओमाहा येथें नेब्रास्का विद्यापीठांत ठेवण्यांत आलें. ओमाहा हें शहर मिसूरी नदीच्या पश्चिम तीरावर आहे. पूर्व तीर आयोवाचा. दोन्ही तीरांवर दोन सरकारें, परंतु पाणी एकच. शिवाय या चारी संस्थानांचे धंदे सारखे आहेत. मक्याच्या गिरण्या, मांस टिकविण्याचे कारखाने, शेतीचीं अवजारें, आणि गांवोगांवचे छापखाने व दुरुस्तीचीं दुकानें. धंदे सारखे म्हणून प्रश्न सारखे, आणि प्रश्न सारखे म्हणून उत्तरेंही सारखीं. प्रदेशाची मर्यादा ठरवितांना नकाशावरील रेषेपेक्षां हा सारखेपणा अधिक महत्त्वाचा ठरतो.

असें केंद्र सुरू करणें म्हणजे कपाटें विकत घेऊन त्यांत पुस्तकें रचणें नव्हे. पहिलें काम प्रश्न गोळा करण्याचें असतें. या प्रदेशांत कोणते धंदे आहेत, त्यांतील माणसें कशानें अडतात, आणि अडल्यावर आज कोणाला विचारतात, याची यादी प्रथम झाली पाहिजे. दुसरें काम निवडीचें. शंभर अहवालांपैकीं छापखान्याच्या मालकाला उपयोगी पडतील अशीं दोन पानें काढणें, हें शंभर अहवाल जमविण्याहून अवघड आहे. म्हणून अशा केंद्राला ग्रंथपालही लागतो आणि कारखान्याचें काम जाणणारा अभियंताही लागतो. दोघांपैकीं एकावर भागत नाहीं. आठ केंद्रांनीं यांत श्रमविभागही केला. एकेका धंद्याविषयींचें मार्गदर्शन एकेका केंद्रानें लिहावें आणि तें सर्वांनीं वापरावें, अशी त्यांची पद्धति होती. त्या मार्गदर्शनांत धंद्याची रीत, त्यांतून निघणारी घाण, ती टाळण्याचे उपाय आणि प्रत्यक्ष सल्ला देणाऱ्या संस्थांचे पत्ते, असा क्रम असे.

तिसरी गोष्ट विश्वासाची. सरकारी निरीक्षक आणि माहितीकेंद्राचा सल्लागार हीं दोन माणसें निराळीं असावीं लागतात. आपल्या कारखान्यांत अमुक द्रव्य गळतें, काय करावें, असें विचारणाऱ्या मालकाच्या हातीं उत्तराऐवजीं दंडाची नोटीस पडली, तर दुसरा मालक त्या दाराशीं फिरकणार नाहीं. म्हणून हीं केंद्रें बहुधा विद्यापीठांत किंवा तत्सम संस्थांत ठेवण्यांत आलीं. याचा अर्थ निरीक्षक नको असा मात्र नव्हे. कायद्याचा धाक मुळींच नसता, तर पुष्कळांना प्रश्न विचारावा असें वाटलेंच नसतें. धाकानें माणूस दारापर्यंत येतो, आणि विश्वासानें आंत येतो.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, ती म्हणजे माहितीचा खरेपणा. अर्धवट माहितीनें प्रदूषण टळतें, पण माणूस दगावतो, असेंही घडूं शकतें. मोटारींचे ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यांत पूर्वीं क्लोरीनयुक्त द्रावकें असत. पर्यावरणाच्या दृष्टीनें तीं घातक ठरल्यावर कांहीं उत्पादकांनीं त्यांच्या जागीं हेक्झेन हें द्रावक घातलें. परिणाम असा झाला कीं, कॅलिफोर्नियांत मोटारदुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याचे प्रकार उघडकीस आले; १९९९-२००० सालीं त्यांचा रीतसर तपास झाला. हवेला जपण्यासाठीं केलेला बदल कारागिराच्या अंगावर आला. म्हणून एका द्रव्याऐवजीं दुसरें सुचवितांना, तें हवेंत गेल्यास काय होईल, पाण्यांत गेल्यास काय होईल आणि काम करणाऱ्याच्या श्वासांत गेल्यास काय होईल, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें केंद्राजवळ असलीं पाहिजेत. तीं नसतील, तर तें स्पष्ट सांगण्याचें धैर्य असलें पाहिजे. नवें संशोधन प्रसिद्ध होतांच जुनें पान बदललें गेलें पाहिजे. न बदललेलें पान कोऱ्या पानाहून वाईट.

शेवटची अडचण पैशाची, आणि ती या कामाच्या स्वभावांतूनच उत्पन्न होते. सांडपाणी शुद्ध करण्याचा मोठा हौद बांधला, तर त्याचें उद्घाटन होतें व तो लोकांना दिसतो. जें विष निर्माणच झालें नाहीं, तें कोणाला दाखवावें? ही अडचण ओळखून प्रतिबंधाच्या संस्थांनीं आपल्या कामाचा हिशेब ठेवण्याकडे विशेष लक्ष पुरविलें. सल्ल्यापूर्वीं किती पाणी, किती द्रावक व किती वीज लागत होती, आणि सल्ला अंमलांत आल्यावर किती लागूं लागली, हे आंकडे धंदेवाल्याकडूनच घ्यावयाचे, आणि किती जणांनीं चौकशी केली यापेक्षां किती जणांनीं प्रत्यक्ष बदल केला हें मोजावयाचें, असा हा प्रघात आहे. त्यावांचून अनुदान देणाऱ्याची खात्री पटत नाहीं, आणि काम करणाऱ्यांनाही आपली वाट बरोबर आहे कीं नाहीं तें कळत नाहीं.

भारतांतही या दिशेनें प्रयत्न झाले आहेत. १९९३-९४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेनें राष्ट्रीय उत्पादकता परिषदेच्या साहाय्यानें लघुउद्योगांत प्रात्यक्षिकें केलीं. शेतींतील काडीकचऱ्यापासून कागद करणारे, कापड रंगविणारे व छापणारे आणि कीटकनाशकें तयार करणारे असे तीन धंदे त्यासाठीं निवडले होते. अल्प खर्चाचे पुष्कळ उपाय या कारखान्यांत हाताशींच असल्याचें त्यांतून दिसून आलें. पुढें १९९५ सालीं त्याच परिषदेंत, दिल्ली येथें, स्वच्छ उत्पादनाचें राष्ट्रीय केंद्र निघालें. परंतु देश विस्तीर्ण आहे, भाषा अनेक आहेत, आणि लहान कारखान्यांतला रंगारी किंवा मुलामा देणारा कारागीर राजधानीला पत्र लिहून सल्ला मागेल, अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. त्याच्या जवळ असलेलें, त्याच्या धंद्याची माहिती असलेलें आणि त्याच्या भाषेंत बोलणारें केंद्रच त्याच्या उपयोगीं पडतें.

ज्या पाण्यांत कारखान्याचें गटार मिळतें, तेंच पाणी पुढच्या गांवीं पिण्यासाठीं भरलें जातें. त्या गांवच्या माणसाला कारखान्यांत शिरतां येत नाहीं, आणि कारखान्यांतल्या माणसाला तें गांव दिसत नाहीं. या दोघांच्या मध्यें वेळेवर मिळालेली खरी माहिती उभी राहिली, तर पुढचें पुष्कळसें दुःख टळतें. तीन टाक्यांचा हिशेब एका कारागिराला समजला, तर प्रत्येक खेपेस शेंकडों लिटर पाणी वांचतें व धातु गटारांत जावयाची थांबते. असे कारागीर एकेका प्रदेशांत हजारोंनीं असतात, आणि त्यांना हा हिशेब सांगणारें कोणी तरी असावें, एवढ्याचसाठीं प्रादेशिक माहितीकेंद्राचा हा सारा खटाटोप आहे.