शिकाऊ हात, घरचे दुखणे

१९६९ साली, म्हणजे गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा शवविच्छेदनगृहाला आणि ग्रंथालयाला जितके अगत्याचे स्थान असते, तितकेच त्यांनी भोवतालच्या खेड्यांना दिले. तेथला शिरस्ता असा की, नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांनी प्रथम आश्रमात राहून झाडलोट आणि श्रमदान यांची सवय करून घ्यावी, आणि नंतर सबंध तुकडीने आसपासचे एक गाव निवडून तेथे पंधरवडाभर मुक्काम ठोकावा. प्रत्येकाकडे त्या गावातील काही कुटुंबे सोपविली जातात. मुक्काम संपतो, पण कुटुंबे सुटत नाहीत. पुढेही ठरावीक काळाने त्याच घरांत जावे लागते, आणि मग आजीचा खोकला, सुनेचे गरोदरपण, धन्याची तंबाखू व धाकट्याचे न वाढणारे वजन या गोष्टी पुस्तकातील प्रकरणे न राहता ओळखीच्या माणसांच्या तक्रारी होऊन विद्यार्थ्यासमोर येतात.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजकार्यास द्यावेत आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. वैद्यकीय, दंतवैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार व औषधनिर्माण या शाखांच्या बहुतेक महाविद्यालयांत आज या योजनेची तुकडी असते, आणि सेवेची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे दार तेच. तथापि या दारातून आत गेलेल्या मुलामुलींनी नेमके करावे काय, याविषयी पालकांच्या मनात शंका असतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पुष्कळ प्राध्यापकांच्याही मनात असतात. अभ्यास टाकून गावोगाव हिंडणे हा वेळेचा अपव्यय नव्हे काय, हा पहिला प्रश्न. आणि ज्याला अजून धड इंजेक्शन देता येत नाही त्याचा गोरगरिबांना उपयोग तरी कोणता, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपल्या अहवालात देऊन ठेवले आहे. या देशाला केवळ रोगाचा नव्हे, तर रोग ज्या घरात, ज्या पाण्यावर आणि ज्या मिळकतीवर पोसला जातो त्या सर्वांचा विचार करणारा सामाजिक वैद्य हवा, आणि त्यासाठी शिक्षणक्रमात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण असावे, अशी तिची शिफारस होती. विषय आला, त्याचा स्वतंत्र विभाग आला, परीक्षाही आली. मात्र तो विषय फळ्यावर शिकविता येतो या समजुतीने त्याचा घात केला. आजही पुष्कळ विद्यार्थ्यांना तो नाक, कान, घशाच्या मागे ढकलण्याजोगा वाटतो, आणि त्यात दोष त्यांचा एकट्यांचा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक जुने आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ काम केले तेव्हा रुग्णांवर उपचार करणारे होते त्यांचे पुत्र डॉ. यशवंत, वैद्यकाची कोणतीही पदवी नसलेल्या सावित्रीबाईंनी पत्करले ते काम रुग्णांना शोधून दवाखान्यापर्यंत आणण्याचे, आणि त्याच कामात संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोगी आणि उपचार यांच्यामध्ये नेहमीच काही अंतर असते. कधी ते कोसांचे, कधी पैशांचे, कधी भाषेचे, तर कधी नुसत्या भीतीचे. ते अंतर तोडणे हाच शिकाऊ हातांचा खरा इलाखा आहे, असे आमचे मत आहे. औषध लिहून देणे, स्वतःच्या जबाबदारीवर निदान करणे, टाका घालणे हा तो इलाखा नव्हे. नोंदणी नसलेल्याने व्यवसाय करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूस ठेवला तरी, शहरातल्या रुग्णावर ज्याला हात टाकू देत नाहीत त्याने खेड्यातल्या रुग्णावर तो आजमावून पाहावा, ही कल्पनाच हीन आहे. गरीब माणूस सरावासाठी उपलब्ध असतो, हा समज काही ठिकाणी फार खोलवर रुजला आहे. तो सेवेच्या वेषात आला म्हणून शुद्ध होत नाही.

या मर्यादेत राहून करण्याजोगे किती काम उरते, ते क्षयरोगाच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण त्यांपैकी रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते, आणि ही गोष्ट अगोदर सांगितली गेली नाही, किंवा गर्दीत सांगितली गेली पण ऐकू आली नाही, तर रुग्णाला वाटते की रक्तच जाऊ लागले, आणि तो घाबरून गोळ्या बंद करतो. दुसरा एखादा महिन्या-दीड महिन्यात बरे वाटू लागले म्हणून थांबतो. परिचर्येच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी मुलगी आठवड्यातून एकदा त्या घरी जाऊन ओसरीवर बसली, गोळ्यांचे पाकीट पाहिले, लघवीच्या रंगाचा उलगडा केला आणि उलट्या फार होत असल्यास डॉक्टरांना तसे कळविले, तर तिने जे साधले ते मोठ्या रुग्णालयाच्या आटोक्यात नव्हते. रक्तदाबाचेही असेच. माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसवून, पाय एकमेकांवर न टाकू देता, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजलेला दाब आणि धावतपळत आलेल्याचा रांगेत उभ्या उभ्या मोजलेला दाब यांत इतका फरक पडू शकतो की, दुसऱ्या आकड्यावर विसंबून निर्णय घेणे धोक्याचे ठरावे. विद्यार्थ्याजवळ ही पाच मिनिटे असतात. ओपीडीतल्या डॉक्टरांजवळ बहुधा नसतात.

आमच्या मते या कामाची सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित जागा ऊसतोडीच्या तळावर आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे, एकेका जोडप्याचा एकेक कोयता या हिशेबाने, पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत कोप्यांत राहतात. पोटातले मूल, अंगावरचे मूल आणि चालते मूल अशी तिन्ही त्यांच्यासोबत असतात. गावची अंगणवाडी मागे राहते आणि आशाताईही मागे राहते. मुलाच्या लसींची नोंद असलेले माता-बाल संरक्षण कार्ड कधी गाठोड्यात तर कधी पत्र्याच्या पेटीत, घरीच, राहून जाते. अशा तळावर जाऊन कोणत्या मुलाची गोवर-रुबेलाची मात्रा चुकली, कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरतो (सहा महिने ते पाच वर्षे या वयात तो तीव्र कुपोषणाचा इशारा समजतात), याची यादी करून ती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दप्तरी पोहोचविणे, आणि पोहोचविल्यावर तिचे काय झाले याचा पिच्छा पुरविणे, हे काम कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर येथील कोणत्याही आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांना एस.टी.च्या अंतरावर आहे. जायचे मात्र तोड आटोपल्यावर, संध्याकाळी. दिवसा तळावर म्हातारी माणसे आणि लहान मुले यांखेरीज कोणी भेटत नाही.

शहरातले अंतर कागदांचे असते. परगावाहून मोठ्या रुग्णालयात आलेला माणूस केसपेपरच्या रांगेतून तपासणीच्या रांगेत आणि तेथून दुसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडकीपाशी कसा फिरत राहतो, हे सर्वांनी पाहिले आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होण्यासाठी कोणते दाखले लागतात, योजनेचा आरोग्यमित्र कोठे बसतो, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवल्या पाहिजेत हे किती जणांना ठाऊक असते! समाजसेवा अधीक्षकांच्या हाताखाली दररोज तासभर बसून अर्ज भरून देणारा विद्यार्थी रुग्णालयाला हवाच असतो. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग उतरतात. तेथे कोणी औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिल्या, तरी ते थोडे नाही.

आषाढीच्या वारीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण अनेक विद्यार्थ्यांची सेवेशी पहिली ओळख त्याच वाटेवर होते. आळंदी आणि देहूहून पंढरपूरपर्यंतच्या वाटेत पायांना फोड येतात, गुडघे भरतात, पोटे बिघडतात. भौतिकोपचाराच्या आणि आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना तेथे दिवसभर उसंत मिळत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे जलसंजीवनीचे प्रमाण शंभर वेळा सांगितल्यावर ते सांगणाऱ्याच्या जन्माचे पाठ होते, हा लाभ वेगळाच.

मात्र वारीचे मोफत केंद्र आणि गावातले एकदिवसीय शिबिर यांना एका मापाने मोजू नये. वारकरी पुढच्या मुक्कामाला निघून जाणार असतो, म्हणून तेथे तात्कालिक उपचार उचित ठरतो. गावात जो राहणारच आहे त्याला रविवारी साखर वाढल्याचे सांगून, पाच दिवसांच्या गोळ्या हाती ठेवून, फलकासमोर छायाचित्र काढून निघून जाणे म्हणजे त्याच्या चिंतेत भर घालणे होय. सहाव्या दिवशी त्याने कोणाकडे जावे, याची तजवीज ज्यांनी केली नसेल त्यांनी शिबिर भरवू नये, असे आम्ही खुशाल म्हणू. आणि छायाचित्राविषयी बोलायचे तर, दुखणाईताचा चेहरा मोबाइलवरून चार गटांत फिरविणाऱ्याला गुप्ततेवरचा धडा पुन्हा वाचावयास लावणे हे त्याच्या शिक्षकांचे काम आहे.

दूरच्या प्रदेशात जाण्याची हौस पुष्कळांना असते आणि ती वाईट नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ संस्था स्थापन केली. गावातल्याच साध्या बायकांना शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेता येते आणि त्यामुळे बालमृत्यू कमी होतात, हे तेथील संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तरुणांसाठी त्यांचा ‘निर्माण’ हा उपक्रमही आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून असाच विश्वास खेड्यातल्या निरक्षर स्त्रियांवर टाकला. अशा ठिकाणी जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात उमगते की, नवजात मुलाचा श्वास मोजण्यात चौथी शिकलेली बाई आपल्याहून तरबेज आहे. मेळघाटात कोरकू भाषेचे दहा-वीस शब्द आल्यावाचून कोणाच्या घरात शिरकाव होत नाही. पण जो तेथे चार दिवस राहून परतणार आहे, त्याने आपण पाहुणे आहोत आणि आपल्या जेवणाखाणाचा भार कोणावर तरी पडतो आहे, याचे भान ठेवावे.

आता सेवा सक्तीची होऊ लागली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएसच्या शिक्षणक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम समाविष्ट केला आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबांशी संबंध ठेवावा, असा त्याचा आशय. सेवाग्रामात जे व्रत म्हणून चालत आले ते आता हुकूम म्हणून सर्वत्र आले. हुकमाने आलेल्या सेवेला स्वयंसेवा म्हणावे काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि हजेरीपत्रकावर सही करून बसमध्येच बसून राहणाऱ्यांची संख्या पाहता तो निराधारही नाही. तरीही आम्ही या सक्तीच्या बाजूचे आहोत. स्वखुशीने जाणारे पूर्वीही जात होते. जो कधीच गेला नसता तो निदान एकदा चुलीच्या धुरात बसून दम्याच्या रुग्णाशी बोलेल, आणि त्यांतले थोडे सक्ती संपल्यावरही जात राहतील.

ज्याला खरोखरच आरंभ करावयाचा आहे, त्याने सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला, आपल्या सामाजिक वैद्यक विभागाला किंवा थेट जवळच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटावे, आणि महिन्यातून किती वेळ नक्की देता येईल तेवढाच कबूल करावा. स्वतःच्या काविळीच्या ‘बी’ लसीच्या तिन्ही मात्रा पुऱ्या झाल्या आहेत की नाही, ते आधी पाहावे. तिसरी मात्रा पहिलीनंतर सहा महिन्यांनी असते, तेव्हा हे ऐन वेळी जमत नाही. गावातली आशाताई आणि आरोग्यसेविका यांना वगळून काहीही करू नये. परीक्षेच्या महिन्यात आपण येणार नाही, हे घरोघर सांगून ठेवावे. पुढे अंतर्वासितेसाठी निघताना आपली वही धाकट्या तुकडीतील विद्यार्थ्याच्या हवाली करावी आणि त्याला निदान एकदा बरोबर नेऊन प्रत्येक घरी त्याची ओळख करून द्यावी. कारण रक्तदाबाचे आकडे वहीत उतरतात, पण सुनेशी बोलावयाचे असेल तर सासू बाजाराला जाते त्या मंगळवारीच गेले पाहिजे, हे वहीत लिहिण्याचे कोणाला सुचत नाही.