लुंबिनीचा शिलालेख आणि नेपाळची यात्रा

धम्मस्थळांची यात्रा कोणत्या दृष्टीने करावी, याचा सर्वांत जुना लेखी आदर्श लुंबिनी येथे आहे. खानदेशातील नंदुरबारसारख्या गावाहून निघालेला उपासक गोरखपूरमार्गे सोनौलीची सीमा ओलांडून तेथे पोहोचतो. १८९६ साली उजेडात आलेल्या तेथील स्तंभावर सम्राट अशोकाचा लेख कोरलेला आहे. राज्याभिषेकानंतर २० वर्षांनी आपण स्वतः येथे येऊन वंदन केले, कारण शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला, असे अशोक त्यात सांगतो. परंतु लेख येथे संपत नाही. लुंबिनी गावाचा 'बली' हा कर माफ केला व उत्पन्नाचा केवळ आठवा हिस्सा घेण्याचे ठरविले, हेही त्यात नमूद आहे. वंदनाबरोबरच त्या गावातील माणसांचा भार हलका करणे, हा अशोकाच्या यात्रेचा अर्थ होय.

हीच दृष्टी घेऊन काठमांडूच्या खोऱ्यात जावे. काठमांडू, ललितपूर (पाटण) व भक्तपूर ही तेथील तीन ऐतिहासिक नगरे. पाटणमध्ये चौकाभोवती बांधलेले अनेक 'बहाल' आहेत. बहाल हे विहार या शब्दाचेच रूप. त्यांपैकी हिरण्यवर्ण महाविहार पाहताना त्याच्या सोनेरी छतावर नजर खिळते. मात्र या बहालांचे सदस्यत्व परंपरेने शाक्य व वज्राचार्य कुळांत जन्मलेल्यांनाच मिळते. त्यांचे मुलगे मुंडन करून चार दिवस भिक्खूचे जीवन जगतात व पुन्हा गृहस्थाश्रमात येतात. ज्या संघात न्हावी असलेले उपाली थेर विनयाचे प्रमुख ज्ञाते झाले, त्याच संघाचा वारसा येथे जन्मावर येऊन थांबला. वास्तू टिकली, मूर्ती टिकल्या; समता मात्र निसटली.

आता डोंगराकडे वळू. काठमांडूच्या उत्तरेस रसुवा जिल्ह्यात तामांग लोकांची बौद्ध गावे आहेत. वाटेवर मंत्र कोरलेल्या शिळांच्या भिंती व लहान स्तूप दिसतात. जंगबहादूर राणा याच्या राजवटीत १८५४ साली झालेल्या 'मुलुकी ऐन' या कायद्याने या समाजाला 'दास करता येण्याजोगे' अशा वर्गात टाकले होते. गुलामगिरी नष्ट करण्याची घोषणा १९२४ साली झाली. जातीनुसार शिक्षा ठरविणारा तो जुना कायदा १९६३ साली गेला. पुढे २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात याच जिल्ह्यातील लांगटांग गाव कोसळलेल्या बर्फाखाली व दगडांखाली गाडले गेले. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे जवळून पाहिलेल्या आपल्या वाचकास डोंगरातील माणसाची उपेक्षा वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. तेथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्या मार्गांची तुलना मांडली. दुःख व शोषण यांचे निवारण हा त्या विवेचनाचा गाभा होता. बौद्ध परिषदेस जाऊनही त्यांनी माणसाच्या दुःखाचाच प्रश्न समोर ठेवला, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून नेपाळला जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी प्रत्येक विहारात वंदनेनंतर दोन प्रश्न अवश्य विचारावेत : येथे कोणाला प्रवेश आहे, आणि या परिसरातील कष्टकरी कसा जगतो? हे प्रश्न परतल्यावर आपल्या गावातील विहारालाही विचारता येतात. लुंबिनीच्या स्तंभाने घालून दिलेली यात्रेची रीत हीच आहे.