घाम आणि घोकंपट्टी

व्यायामाने बुद्धी मंदावते, ही गिरगावातल्या पांढरपेशा घरांची जुनी समजूत. श्रमाने डोके आपोआप तल्लख होते, ही लालबाग-परळच्या कष्टकऱ्यांवर दुरून प्रेम करणाऱ्यांची. दोघांचे भांडण कितीही जुने असले तरी चूक एकच आहे. सगळे श्रम सारखेच, असे दोघेही धरून चालतात. वास्तविक ते किती, कधी आणि कोणाच्या मर्जीने केले, यावर सगळे अवलंबून असते. व्यायामाचा मेंदूवरचा परिणाम दाखवणारे उंदरांचे प्रयोग इथे झटपट उरकतो. चाकात पळणाऱ्या उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी मुरवणाऱ्या भागात, नव्या पेशी वाढतात, हे कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत १९९९ मध्येच दिसले. माणसांचा पुरावा अधिक बोलका आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात १२० वयस्कांपैकी निम्मे जण वर्षभर नियमाने भरभर चालले, निम्म्यांनी नुसते अंग ताणले. चालणाऱ्यांचा हिपोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्यांचा घटला. नेदरलँड्समध्ये २०१६ साली त्याहून मजेदार गोष्ट आढळली. पाठ केल्यावर लगेच व्यायाम करून फायदा झाला नाही. चार तासांनी केला, तेव्हा दोन दिवसांनंतरही अधिक लक्षात राहिले.

आता हे लालबाग-परळच्या गिरणगावाला लावून पाहा. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ च्या कायद्याने ११ वर आणि १९३४ च्या कायद्याने १० वर. पाळी संपवून रात्रशाळेत बसणाऱ्या कामगाराला साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट, दमट हवा आणि तुटणारी झोप सोबत घेऊनच धडा गिरवावा लागे. आठवण पक्की व्हायला झोप लागते, आणि तीच तिथे चोरीला जात होती. त्यातूनही जे शिकले, ते श्रमामुळे नव्हे, श्रमांना न जुमानता शिकले. त्यांच्या जिद्दीचे श्रेय गिरणीच्या भोंग्याला देणारे लेख मला दरवर्षी वाचावे लागतात.

याच परिसरात दुसऱ्या जातीचा श्रमही नांदत होता. दादरच्या शिवाजी पार्कवरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचे. तिथला मल्लखांब पाहा. पुरलेला असो वा दोरीचा, पायांची अढी घालताना मांड्यांची पकड, श्वास आणि पुढच्या हालचालीचा क्रम एकाच वेळी सांभाळावा लागतो. लक्ष ढळले की माणूस खाली. दम लागतो, पण तो ठरवून, मोजून लागतो आणि मग घरी जाऊन जेवून झोपता येते. तिथे प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. डोळ्यांवाचून क्रम अंगात भिनवायचा, हे शिक्षण नव्हे तर काय?

इथे जाणकार एक रास्त आक्षेप घेतील. शरीराची स्मृती आणि शब्दांची स्मृती वेगळी. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी अभ्यासलेल्या प्रसिद्ध रुग्णाला मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर नवे काहीही आठवत नसे, तरी आरशात पाहून चित्र गिरवणे त्याला सरावाने साधले. मान्य. मल्लखांबावरचा दसरंग येणाऱ्या मुलीला त्यामुळे इतिहासाच्या सनावळ्या येणार नाहीत, आणि चालण्याचे निष्कर्ष मल्लखांबाला जसेच्या तसे चिकटवताही येणार नाहीत. माझा दावा त्याहून लहान आहे. हृदयाची गती वाढवणारा, माफक, नियमित व्यायाम स्मृतीला मदत करतो आणि मल्लखांब तो देतो. वर लक्ष एकाग्र करण्याचा सरावही देतो. दहावीच्या वर्षी पीटीचा तास गणिताला वळवणारे मुख्याध्यापक नेमका हाच लहान दावा नाकारतात, आणि पालक त्यांचे आभार मानतात. सकाळी शाळेत शिकलेले संध्याकाळी मैदानावर मुरू द्यावे, असे वेळापत्रक व्यायामशाळांनी संशोधकांच्या कितीतरी आधी बसवले होते. आता त्या संध्याकाळी दादर स्टेशनजवळच्या कोचिंग क्लासांनी घेतल्या आहेत, तेही आगाऊ फी घेऊन.