पाण्याचा माग

बोटीच्या तळाशी साचलेल्या काळपट पाण्यात सर्वेक्षकाने बोट बुडवलं आणि ते जिभेला लावलं. ‘गोडं,’ तो म्हणाला. बोट विकत घ्यायला आलेल्या नवरा-बायकोला हायसं वाटलं. पाणी खारं असतं तर समुद्र आत शिरतोय असा अर्थ झाला असता. पण सर्वेक्षक काही खूश दिसेना. गोडं म्हणजे पावसाचं. म्हणजे गळती वर आहे, डेकमध्ये. आणि डेकवर स्क्रू, नटबोल्ट, खिडक्या, कड्या मिळून पाणी शिरायला शंभर जागा असतात.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये फालमथ आहे. तिथल्या एका यार्डात, फेब्रुवारीच्या गारठ्यात, ही 35 फुटी शिडाची बोट लोखंडी टेकूंवर उभी होती. वय पन्नासच्या आसपास. रंग उडालेला, पण बांधा असा की जाणारा-येणारा क्षणभर थांबतोच. असल्या बोटी घेताना पहिला धोका तोच असतो. माणूस आधी प्रेमात पडतो आणि सर्वेक्षकाला मागाहून बोलावतो.

पन्नास वर्षांची बोट मुळात बाजारात असतेच कशी? त्याचं उत्तर फायबरग्लासमध्ये आहे. 1959 साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात कार्ल आल्बर्ग यांनी आखलेली ‘पिअरसन ट्रायटन’ ही 28 फुटी बोट मांडली गेली आणि फायबरग्लासच्या बोटी साच्यातून मोठ्या संख्येने निघू लागल्या. साहित्य नवं होतं. किती जाडी पुरेल याचा अंदाज कारागिरांना नव्हता. मग थरावर थर चढवले गेले. लाकूड कुजतं, या काचतंतूंच्या कवचाला ती भीती नाही. म्हणून मूळ मालक, त्याचा मुलगा, मग चौथं-पाचवं गिऱ्हाईक असा प्रवास करत या बोटी आजही फिरताहेत, कित्येकदा एखाद्या चांगल्या नव्या मोटारीच्या किमतीत.

त्यांची कीर्ती नुसती जाडीवर उभी नाही. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या समुद्रातल्या वादळाने 303 बोटींच्या ताफ्याची दाणादाण उडवली; 15 खलाशी मृत्युमुखी पडले. सर्वांत लहान बोटींच्या गटातून एकटी ‘ॲसेंट’ शर्यत पूर्ण करून आली. ती डेव्हिड सॅडलर यांच्या आराखड्याची ‘काँटेसा 32’. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या आजच्या गोल्डन ग्लोब शर्यतीतही 1988 पूर्वीच्या आराखड्याची, 32 ते 36 फुटांची, लांब कीलची, म्हणजे तळाशी लांब कणा असलेली बोटच चालते. भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी 2023 मध्ये 236 दिवसांची एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा करून या शर्यतीत दुसरे आले, ते अशाच एका ‘रस्लर 36’मधून.

त्या शर्यतीची आद्य बोट तर मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ‘सुहैली’ कुलाब्यात सागवानात बांधून घेतली. 14 जून 1968 ला ते याच फालमथहून निघाले आणि 312 दिवसांनी, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी घालून इथेच परतले. पुढे ग्रिनिचच्या संग्रहालयात ती मांडली गेली, तर तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. अखेर तिला बाहेर काढावं लागलं. लाकडाला पाणी हवं असतं. फायबरग्लासला ते आत नको असतं.

म्हणून सर्वेक्षणाचा सगळा दिवस पाण्याचा माग काढण्यात जातो. सुरुवात तळापासून. सर्वेक्षक प्लॅस्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी घेतो आणि वीत-वीतभर अंतरावर ठोकत जातो. टण्, टण्, टण्. मध्येच ठप्प. आवाज बसला की आतले थर सुटलेत किंवा ओलावा धरून आहेत. तिथे खडूने गोल. मग ओलावा मोजायचं यंत्र. त्याआधी शेवाळ-शंखांना दूर ठेवणारा रंग ठिकठिकाणी खरवडावा लागतो, कारण रंगातल्या तांब्याने यंत्र फसतं. सुकाणूपाशी वाटाण्याएवढे फोड निघाले. एक फोडला, तर आंबट वासाचा चिकट द्रव बाहेर आला. यालाच ऑस्मोसिस म्हणतात. पाणी वर्षानुवर्षं बाहेरच्या थरातून झिरपतं आणि आतल्या राळेतले घटक विरघळवतं. नवखं गिऱ्हाईक हे बघून पळ काढतं. सर्वेक्षकाने मात्र फोड मोजले, नोंद केली आणि पुढे सरकला. एवढ्याने बोट बुडत नाही, किंमत उतरते.

खरी काळजी डेकवर होती. डेक हलकं राहावं म्हणून फायबरग्लासच्या दोन पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं असतं. कठड्याच्या एका खांबाचा बोल्ट सैल झाला, त्याभोवतीचं सीलंट वाळलं, की पावसाचं पाणी त्या बाल्सात शिरतं आणि बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही. डाव्या बाजूच्या खांबाजवळ पाय दिला तर डेक किंचित दबलं. ठप्प, ठप्प, ठप्प. खडूचा गोल परातीएवढा झाला.

तिथून जवळच डोलकाठीच्या तारा बांधायच्या पोलादी पट्ट्या डेकमधून आत उतरतात. वरून लखलखीत. पण स्टेनलेस पोलाद टिकतं ते हवेतल्या प्राणवायूच्या जोरावर. ओल्या, कोंदट फटीत तेच आतून खाल्लं जाऊ लागतं. पट्टी काढल्याशिवाय तिची प्रकृती कळत नाही आणि मालकाच्या परवानगीशिवाय ती काढता येत नाही. तारा कधी बदलल्या, याची पावती मागितली. ती नव्हती. दहा-पंधरा वर्षांहून जुन्या तारांना विमा कंपन्या नाकं मुरडतात, म्हणजे तोही खर्च धरायचा.

पाणी आत घेणारे पितळी नळ एकेक खरवडून झाले. एक गुलाबी दिसला. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून गेलं की मागे सच्छिद्र तांबं उरतं, एका लाथेत मोडेल असं. इंजिनाला हात लावून पाहिला. थंडगार होतं, हे बरं. मालकाने आधीच तापवून ठेवलेलं इंजिन कोणालाही पहिल्या झटक्यात सुरू करून दाखवता येतं.

हिशेब एव्हाना बायकोच्या वहीत उतरत होता. इथली रीत ठरलेली: सर्वेक्षणाच्या अटीवर किंमत ठरते, सहसा दहा टक्के अनामत भरायची, सर्वेक्षक आणि क्रेनचा खर्च घेणाऱ्याचा; मोठा दोष निघाला तर भाव पुन्हा बोलायचा किंवा पैसे परत घेऊन निघायचं. शिवाय कागद. आधीच्या प्रत्येक विक्रीचा दस्त आणि कर भरल्याचा पुरावा. ब्रिटनच्या जुन्या नोंदवहीत बोटीची मालकी 64 हिश्श्यांत मांडतात. 64 च्या 64 विकणाऱ्याच्या नावावर आहेत ना, हे तपासावं लागतं.

शेवटी नळी आणली. नवरा वर उभा राहून डेकवर पाणी मारू लागला. बायको खाली, दार लावून, टॉर्च घेऊन बसली. कठड्याचा एकेक खांब, एकेक खिडकी. बराच वेळ काहीच नाही. मग डाव्या कपाटावरच्या फळीच्या कडेला एक थेंब जमला, लोंबकळला आणि तिच्या मनगटावर पडला. तिने त्या जागी टेपचा तुकडा चिकटवला, त्यावर तारीख लिहिली आणि पाणी बंद करायला सांगितलं. बोट अजून त्यांची झालेली नव्हती.