जिलेबीचा पिवळा रंग

पंधरा ऑगस्टची सकाळ. झेंडावंदन आटोपून मुले घरी परतेपर्यंत कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानापुढे रांग लागलेली असते. पाकातून काढलेली केशरी-पिवळी जिलेबी घरी आणायची आणि गरम असतानाच संपवायची, हा अनेक घरांतला ठरलेला कार्यक्रम. काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही तो झाला आणि दुपारी चार वर्षांच्या पुतणीच्या अंगावर गांधी उठल्या. औषधाने रात्रीपर्यंत ती बरी झाली. पण डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मनात राहिला : ‘‘जिलेबीत रंग कोणता होता?’’ आम्ही दुकानदाराला गाठले. तो म्हणाला, ‘‘खाण्याचाच आहे, पिवळा.’’ त्याहून अधिक त्यालाही ठाऊक नव्हते. गांधी रंगाने उठल्या की आणखी कशाने, हे अखेर कळलेच नाही.

जिलेबीचा पिवळेपणा केशराचा असेल, अशी आशा आता कोणी करीत नाही. हे काम बहुधा करतो तो टार्ट्राझिन नावाचा कृत्रिम रंग. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा तरुण डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून क्विनाइन बनवू पाहत होता; हाती लागला जांभळा रंग. तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १८८४ मध्ये योहान त्सिग्लर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने टार्ट्राझिन शोधला. स्वस्त, पाण्यात सहज विरघळणारा, उष्णतेत टिकणारा. सरबते, कस्टर्ड पावडर, गोळ्या, आइस्क्रीम, सगळीकडे तो पोचला.

शाकाहारी की मांसाहारी?

अनेक घरांत पहिली शंका हीच असते. टार्ट्राझिन आज खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून तयार होतो. त्यात प्राणिज काही नसते. गंमत अशी की ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवणारा कार्माइन हा लाल रंग मात्र निवडुंगावर वाढणारे किडे वाळवून काढतात. परदेशी खाऊच्या वेष्टनावर ई १२० असे दिसले, तर तो हाच. तेव्हा नैसर्गिक म्हणजे सोवळे आणि रासायनिक म्हणजे निषिद्ध, हा हिशेब येथे चालत नाही.

किती खाल्ला तर चालतो?

आपल्या कायद्याने खाद्यपदार्थांसाठी मोजकेच कृत्रिम रंग मान्य केले आहेत. टार्ट्राझिन त्यांपैकी एक. मिठाईत त्याची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये फेरतपासणी करून, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साडेसात मिलिग्रॅमपर्यंत हा रंग पोटात गेला तरी चालेल, असे ठरवले. पंधरा किलोच्या मुलासाठी हे सुमारे ११२ मिलिग्रॅम होतात. म्हणजे नियमाप्रमाणे रंगवलेली जिलेबी त्याने रोज किलोभर खाल्ली, तर कुठे ही मर्यादा गाठली जाईल!

मग काळजी कशाची? पहिली गोष्ट मापाची. आचारी रंग तराजूवर तोलत नाही, चिमटीने टाकतो. पाचपट रंग पडला, तर तीच मर्यादा सव्वादोनशे ग्रॅम जिलेबीत गाठली जाते. शिवाय त्याच दिवशी पोटात गेलेले सरबत आणि गोळ्या वेगळ्याच.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. थोड्या लोकांना टार्ट्राझिनने गांधी उठतात, खाज सुटते. अ‍ॅस्पिरिन न सोसणाऱ्या काहींना हा त्रास संभवतो. मुलांच्या चंचलपणाचा प्रश्नही आहे. २००७ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाने तीन आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण देऊन पाहिले. काही मुलांचा चंचलपणा किंचित वाढलेला आढळला. दोष नेमका कोणत्या रंगाचा, हे त्यातून सिद्ध झाले नाही. तरी २०१० पासून युरोपात टार्ट्राझिनसह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांविषयीची सूचना छापावी लागते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट भलत्याच रंगाची. मेटॅनिल यलो हा कापड-कागदाचा रंग खाण्यात वापरायला बंदी आहे, पण डोळ्यांना तो टार्ट्राझिनसारखाच पिवळा. ऱ्होडामाइन बी हा असाच बंदी असलेला गुलाबी रंग. तो सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने ‘म्हातारीच्या केसां’च्या विक्रीवर बंदी घातली.

पाकिटातल्या खाऊचे ठीक आहे. त्यावर रंगाचा उल्लेख करावा लागतो. टार्ट्राझिनचा क्रमांक १०२. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईने हा आकडा लक्षात ठेवावा. घरी रंग आणायचाच, तर रंगाचे नाव आणि अन्नपरवान्याचा क्रमांक छापलेली डबी घ्यावी, सुटी पुडी नव्हे. सुट्या मिठाईवर मात्र काहीच लिहिलेले नसते. तेथे विचारणे, एवढाच उपाय.

आता आम्ही कोपऱ्यावर विचारतो, ‘‘रंग कोणता? डबी दाखवता?’’ पहिल्या वर्षी दुकानदार हसला. दुसऱ्या वर्षी त्याने डबी दाखवली. गेल्या पंधरा ऑगस्टला त्याने आमच्यासाठी बिनरंगाची एक कढई काढली. जिलेबी फिकट बदामी दिसत होती. पुतणीने चार संपवल्या आणि पाचवी मागितली.